एकाच पेढीच्या मालाचे गावोगाव निरनिराळे भाव
त्याची कारणे व शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध

शेतीचा धंदा हा जितका पिकविण्याचा तितकाच खरेदी-विक्रीचाही धंदा आहे. बी, खत, औषध, डिझेल, पेंड, नळ्या, लोखंडी अवजारे इत्यादी जिनसांवर शेतकऱ्याचा जो पैसा जातो तो पेरणीपूर्वी जातो, व तो बहुधा कर्जाऊ असतो. असे असूनही नांगरटीची खोली वा बियाण्याचे प्रमाण याविषयी आपण जितकी चिकित्सा करतो तितकी खरेदीच्या भावाविषयी करीत नाही. एकाच कंपनीची पाटी असलेल्या दोन दुकानी, अगर एकाच कंपनीच्या दोन पंपांवर, एकाच दिवशी दोन भाव दिसले म्हणजे आपण एक तर "लूट आहे" असे म्हणून चडफडतो, नाही तर "चालायचेच" म्हणून गप्प बसतो. या दोन्ही वृत्ती धंद्याच्या दृष्टीने सारख्याच निरुपयोगी होत. भावातील कोणता फरक न्याय्य आहे, कोणता टाळता येण्याजोगा आहे व कोणता बेकायदेशीर आहे, हे ज्याला निवडता येते त्याचाच पैसा वाचतो. ही निवड कशी करावी याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे शक्य तो आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या व मराठवाड्याच्या अनुभवातील घेतली आहेत.

भावाचे घटक

कोणत्याही जिनसेचा दुकानातील भाव पाच घटकांचा बनलेला असतो: (१) मालाची मूळ किंमत, (२) तो तेथवर आणण्याची वाहतूक, (३) सरकारी व स्थानिक कर, (४) दुकानाचा चालू खर्च, म्हणजे जागेचे भाडे, नोकरांचा पगार, वीज, नासधूस व अडकलेल्या भांडवलावरील व्याज, आणि (५) नफा. एकाच पेढीच्या सर्व दुकानांत पहिला घटक सारखा असतो. बाकीचे चार घटक गावागणिक बदलतात. नाव एक म्हणून भाव एक असावा अशी जी आपली समजूत असते ती पहिल्या घटकाकडेच पाहून झालेली असते. आता उरलेल्या चार घटकांचा क्रमाने विचार करू.

वाहतुकीचा भाग

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण डिझेल व पेट्रोल यांचे होय. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघालेले इंधन सुमारे २५० किलोमीटर लांबीच्या नळमार्गाने मनमाडनजीक पानेवाडी येथील साठ्यापर्यंत येते. हा नळमार्ग १९९८ साली सुरू झाला. नळातून माल वाहून नेणे हे रस्त्यावरून नेण्यापेक्षा पुष्कळच स्वस्त पडते. म्हणून मनमाडपर्यंत भावात फारसा फरक पडत नाही. पुढे मात्र तेच इंधन टँकरने जाते. मनमाडपासून संभाजीनगर रस्त्याने सुमारे ११५ किलोमीटर, व परभणी सुमारे ३०० किलोमीटर. टँकर जाताना भरलेला व येताना रिकामा, म्हणजे भाडे दोन्ही खेपांचे. सन २०१८ व २०२१ च्या भाववाढीत राज्यातील सर्वांत महाग पेट्रोलाचे गाव म्हणून परभणीचे नाव वर्तमानपत्रांतून वारंवार येत असे, त्याचे मुख्य कारण हेच अंतर होय. परभणीच्या पंपवाल्याने काही अधिक नफा घेतला असे नव्हे. पंपवाल्याचे कमिशन कंपन्यांनी ठरवून दिलेले असते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. राज्याचा विक्रीकर शेकडेवारीने आकारला जातो व तो वाहतुकीसह होणाऱ्या किमतीवर बसतो. म्हणून वाहतुकीत लिटरमागे ५० पैशांचा फरक पडला तर २१ टक्के कर मिळून ग्राहकास तो सुमारे ६० पैशांचा होतो. दूरचा शेतकरी अंतराचे भाडे तर देतोच, शिवाय त्या भाड्यावर करही देतो.

पूर्वी सरकार इंधनाचा भाव स्वतः ठरवी. पेट्रोलाचा भाव जून २०१० मध्ये व डिझेलाचा ऑक्टोबर २०१४ मध्ये मोकळा करण्यात आला, आणि १६ जून २०१७ पासून तो देशभर रोजच्या रोज बदलू लागला. तेव्हापासून गावागावांतील फरक अधिक ठळकपणे दिसू लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलकंपन्यांनी साठ्यापासून दूर असलेल्या ठिकाणांचे वाहतूकभाडे कमी धरण्याचा उपक्रम जाहीर केला. परंतु ज्या राज्यांत निवडणुकीची आचारसंहिता चालू होती ती त्यावेळी वगळण्यात आली, व आपले राज्य त्यांत होते. दूरच्या ग्राहकाचा भार जवळच्या ग्राहकावर थोडा वाटून द्यावयाचा, असे या उपक्रमाचे तत्त्व आहे. हे तत्त्व योग्य की अयोग्य याचा निर्णय आपण कोठे राहतो यावर अवलंबून राहील. पण ते तत्त्व काय आहे हे मात्र उघड समजले पाहिजे.

कराचा भाग

कराने भाव कसा बदलतो हे मराठवाड्याच्या माणसास नव्याने सांगावयास नको. निजामी राजवटीत आपल्या भागात करोडगिरीचे नाके होते व हाली शिक्का हे चलनही निराळे होते. मनमाड हे स्टेशन ब्रिटिश मुलखात, तर रेल्वेने अवघे ११३ किलोमीटर दूर असलेले औरंगाबाद निजामाच्या मुलखात. त्यामुळे एकाच गिरणीचे कापड दोन्ही गावी एका भावाने मिळणे शक्यच नव्हते. ती सरहद्द कालांतराने मिटली. पुढे नगरपालिका-महापालिकांची जकात राहिली, तिच्या जागी काही वर्षे स्थानिक संस्था कर आला, आणि अखेर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होऊन बहुतेक जिनसांवरील कर देशभर सारखा झाला. म्हणून आज पेंडीच्या पोत्यावर अगर पाइपावर एका गावी अधिक व दुसऱ्या गावी कमी कर लागतो असे कोणी दुकानदार सांगेल तर ते खरे मानू नये.

याला मुख्य अपवाद इंधनाचा. पेट्रोल व डिझेल ही वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहेत. केंद्राचा उत्पादनशुल्काचा भाग लिटरमागे ठरीव असतो, तो सर्वत्र सारखा. राज्याचा कर मात्र राज्यागणिक वेगळा. आपल्या राज्यातही २०२४ च्या जूनअखेरपर्यंत मुंबई, ठाणे व नवी मुंबई या हद्दींत डिझेलावर २४ टक्के व उर्वरित महाराष्ट्रात २१ टक्के असा भेद होता. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने त्या तीन शहरांचा दर २१ टक्क्यांवर आणला. राज्याच्या सीमेवर हा भेद डोळ्यांनी दिसतो. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे रेल्वेस्टेशन अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. गुजरातेतील कर हलका असल्यामुळे त्या बाजूस अनेक वर्षे इंधन स्वस्त मिळत आले आहे व मालमोटारी सीमा ओलांडून टाक्या भरून घेत आल्या आहेत. कंपनी तीच, तेल तेच, रस्ताही तोच. फक्त सीमेचा दगड मध्ये आला.

दुकानखर्चाचा भाग

जालना रस्त्यावरील अगर चिकलठाणा येथील २०१० साली उघडलेल्या प्रोझोनसारख्या मोठ्या बाजारसंकुलातील गाळ्याचे भाडे व लासूर स्टेशनच्या बाजारपेठेतील गाळ्याचे भाडे यांत मोठे अंतर असते. यावरून शहरात माल महाग व खेड्यात स्वस्त असावा असे वाटेल. पण प्रत्यक्षात बहुधा उलट आढळते. याचे कारण उलाढाल. शहरातील दुकानात शंभर डागांचा माल आठ दिवसांत खपतो. खेड्यात तोच तीन महिने पडून राहतो. भाडे जास्त असले तरी ते शेकडो गिऱ्हाइकांत विभागले जाते, आणि भांडवल वर्षातून अनेकदा फिरते. खेड्यात भाडे थोडे, पण ते थोड्या गिऱ्हाइकांवर पडते, व अडकलेल्या पैशाचे व्याज वाढत राहते. म्हणून भाडे किती हा प्रश्न अपुरा आहे. डागामागे भाडे किती, असे विचारले पाहिजे.

ज्या पेढ्यांनी हे गणित ओळखले त्यांनी त्यावरच आपला धंदा उभा केला. डी-मार्ट या पेढीने आपले पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवई येथे उघडले. बहुतेक दुकानांच्या जागा भाड्याने न घेता स्वतःच्या मालकीच्या ठेवावयाच्या, माल झपाट्याने खपवावयाचा व डागामागे नफा थोडा घ्यावयाचा, हे तिचे धोरण राहिले आहे. नफा थोडा घेऊनही पैसा मिळतो तो माल फिरण्याच्या वेगामुळे. ज्या गिऱ्हाइकाच्या गावी असा वेग नाही त्याला त्या भावाची अपेक्षा गावच्या दुकानदाराकडून करता येत नाही.

नफ्याचा भाग, म्हणजेच स्पर्धा

आतापर्यंत सांगितलेली कारणे खर्चाची झाली. परंतु खर्च सारखा असूनही भाव निरनिराळे असतात, व हाच भाग शेतकऱ्याने विशेष समजून घेण्यासारखा आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू याने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याची मीमांसा केली आहे. तिचे सार असे की, विक्रेत्याला आपली गिऱ्हाइके वेगवेगळ्या गटांत अलग ठेवता आली, तर ज्या गटाला दुसरीकडे जाण्याची सोय नाही त्या गटाकडून तो अधिक भाव घेतो, व ज्याला सोय आहे त्याला कमी भाव देतो. गावाचे अंतर हे असे अलग ठेवण्याचे सर्वांत सोपे साधन होय.

इंग्लंडात २००० साली तेथील स्पर्धा आयोगाने मोठ्या किराणा पेढ्यांची चौकशी केली, तेव्हा असे आढळले की काही पेढ्या आपल्या निरनिराळ्या दुकानांतील भाव तेथील स्पर्धेचा जोर पाहून ठरवितात. समोर दुसऱ्या पेढीचे दुकान असेल तेथे भाव खाली, नसेल तेथे वर. उलट अमेरिकेतील साखळी-दुकानांविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बहुतेक पेढ्या श्रीमंत व गरीब वस्त्यांतही जवळजवळ एकच भाव ठेवतात असे दिसून आले. प्रत्येक दुकानाचा भाव वेगळा ठेवण्यास व्यवस्थेचा त्रास पडतो, आणि गिऱ्हाइकास ते कळले तर पेढीचे नाव जाते. या एकसारख्या भावाचा परिणाम असा की गरीब वस्तीतील गिऱ्हाइकास, त्याची ऐपत पाहून ठेवला असता त्याहून चढा भाव द्यावा लागतो. सारांश, भाव निराळा असला म्हणजे अन्याय, व सारखा असला म्हणजे न्याय, असे समीकरण मांडता येत नाही.

आपल्या बाजारात याचा पडताळा कोणासही घेता येईल. ज्या गावी कृषी सेवा केंद्रे चार आहेत तेथे औषधाच्या बाटलीवर छापील किमतीतून सूट मिळते. जेथे एकच आहे तेथे छापील किमतीवर बोट ठेवले जाते. त्यातही उधारीचे गिऱ्हाईक हे बांधलेले गिऱ्हाईक असते. ज्याचे मागील खाते थकलेले आहे त्याला दुसऱ्या दुकानी जाता येत नाही, व हे दुकानदारास पक्के ठाऊक असते. म्हणून भावातील काही फरक गावागावांत नसून एकाच दुकानात रोखीच्या व उधारीच्या गिऱ्हाइकांत असतो. तो फरक खरोखर व्याज आहे. पण भावात मिसळल्यामुळे तो व्याज म्हणून दिसत नाही व त्याचा दर कोणी काढीत नाही. समजा, रोखीत ९०० रुपयांस मिळणारी बाटली चार महिन्यांच्या उधारीवर ९९० रुपयांस घेतली. हे शेकडा १० झाले चार महिन्यांचे, म्हणजे वर्षाचे शेकडा ३०. सोसायटीच्या पीककर्जाचा दर याच्या शेजारी ठेवून पाहावा.

छापील किंमत म्हणजे काय

वेष्टनबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. १९९० पूर्वी "स्थानिक कर वेगळे" असे छापण्याची मुभा होती, व त्या तीन शब्दांच्या आधाराने गावोगाव मनास येईल ती रक्कम वर लावली जाई. त्या वर्षी नियमांत दुरुस्ती होऊन सर्व करांसह कमाल किंमत छापणे आवश्यक झाले. तथापि "कमाल" हा शब्द नीट वाचावा. ही किंमत म्हणजे भाव नव्हे, ती भावाची वरची मर्यादा आहे. तिच्याहून खाली कितीही भावाने विकण्यास कायद्याची हरकत नाही, व तेथेच एका शाखेचा भाव दुसरीहून निराळा होण्यास जागा राहते. छापील किंमत भरपूर चढी ठेवून त्यावर मोठी सूट दाखविणे हीही एक युक्ती आहे. म्हणून सूट किती हे न पाहता हातात पडणारा भाव किती हेच पाहावे.

एकच माल, एकच वजन, एकच वेष्टन, पण निरनिराळ्या विक्रीस्थानांसाठी दोन निरनिराळ्या कमाल किमती छापावयाच्या, असाही प्रकार पाण्याच्या बाटल्या व शीतपेये यांत चाले. १ जानेवारी २०१८ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने, अनुचित व्यापारी पद्धतीने अशा दोन किमती छापण्यास मनाई झाली आहे. उपाहारगृहांची गोष्ट निराळी. तेथे नुसता माल विकला जात नसून सेवाही दिली जाते, या कारणास्तव त्यांनी छापील किमतीहून अधिक घेतल्यास त्यांच्यावर वजनमापाच्या कायद्याखाली कारवाई करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. दुकानदारास मात्र ही सवलत नाही. "गाडीभाडे पडते" असे सांगून छापील किमतीवर रक्कम घेणे हा गुन्हाच होय.

सर्वत्र एकच भाव ठेवला तर भार कोण सोसतो?

सर्व गावी एकच भाव असावा अशी मागणी पुष्कळदा केली जाते. ती मागणी ज्या जिनसांत पुरी झाली आहे त्यांचा अनुभव पाहावा.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची कमाल किंमत कर व कडुनिंबाच्या लेपासह २६६ रुपये ५० पैसे आहे. ती गोणी कारखान्याच्या दारात घ्या अगर सोयगाव तालुक्याच्या टोकास घ्या, किंमत तीच. पण वाहतूक नाहीशी झाली काय? नाही. युरिया कारखान्यातून वाहून नेण्याचा खर्च सरकार कंपन्यांस अनुदानरूपाने भरून देते, म्हणजे तो सर्व करदात्यांवर विभागला जातो. जेथे ही भरपाई अपुरी पडते, म्हणजे खेड्यातील विक्रेत्यापर्यंतच्या शेवटच्या पल्ल्यात, तेथे फरक दुसऱ्या रूपाने डोके वर काढतो. गोणीबरोबर नको असलेली दुसरी जिन्नस गळ्यात मारणे, अगर माल असताना "शिल्लक नाही" म्हणणे, हे प्रकार ऐन हंगामात का वाढतात याचे एक कारण यात आहे. कारण समजले म्हणून ते क्षम्य ठरत नाहीत. खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये विक्रेत्याने शिल्लक साठा व दर यांचा फलक लावलाच पाहिजे.

कापसाच्या बियाण्याची हकीकतही बोधप्रद आहे. पूर्वी बीटी बियाण्याची किंमत राज्ये आपापली ठरवीत. त्यामुळे बीजी-२ वाणाची पिशवी कोठे ८३० रुपयांस तर कोठे १००० रुपयांपर्यंत विकली जाई. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय आदेशाने ही किंमत केंद्राने ठरवावयाची असे झाले, व २०१६ च्या खरिपासाठी ती देशभर ८०० रुपये करण्यात आली. पुढे ती कमीअधिक होत २०२४-२५ साठी ८६४ व २०२५-२६ साठी ९०१ रुपये झाली. राज्याराज्यांतील भेद गेला हे खरे; परंतु एखाद्या विशिष्ट वाणाची मागणी पुरवठ्याहून वाढली की त्याच पिशवीस हंगामात काळ्या बाजारी भाव फुटतो. भाव कायद्याने बांधता येतो, तुटवडा कायद्याने बांधता येत नाही. अशा वेळी एका वाणाचा हट्ट सोडून तितक्याच गुणाचे दुसरे वाण घेणे हा शेतकऱ्याच्या हातचा उपाय होय.

सर्व देशास पोलाद एका भावाने मिळावे म्हणून वाहतूकभाडे समान करण्याचे धोरण सरकारने १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालविले. त्याचा फायदा महाराष्ट्रासारख्या खाणींपासून दूरच्या प्रांतांतील कारखान्यांना झाला, व तोटा बिहारसारख्या खाणींच्या प्रांतांना झाला अशी तक्रार तेथे आजही ऐकू येते. सारांश, भाव सारखा करणे म्हणजे खर्च मिटविणे नव्हे; तो एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे होय.

विक्रीच्या बाजूने हाच न्याय

आता नाणे उलटून पाहू. आपण गिऱ्हाईक असताना जो नियम, तोच आपण विक्रेते असतानाही लागू असतो. एकच व्यापारी, अगर एकच जिनिंगवाला, जाधववाडी, करमाड, लासूर स्टेशन, वैजापूर व पाचोड येथे एकाच दिवशी निरनिराळ्या भावांनी खरेदी करतो. त्यातील काही फरक मालाच्या प्रतीचा व ओलीचा, काही वाहतुकीचा; पण काही निव्वळ स्पर्धेचा असतो. ज्या आवारात बोली लावणारे दहा आहेत तेथे भाव चढतो. जेथे तीन आहेत तेथे बसतो. आणि ज्या शेतकऱ्याने व्यापाऱ्याची उचल आधी घेतली आहे, त्याच्यापुरता खरेदीदार एकच असतो.

सरकारी खरेदीत भाव एक असतो. कापूस महामंडळ २०२५-२६ हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलला ७७१० व लांब धाग्याच्या कापसास ८११० रुपये हमीभावाने सर्व केंद्रांवर बांधलेले आहे. पण केंद्रापर्यंतचे भाडे शेतकऱ्याचे. म्हणून दारात पडणारा भाव केंद्राजवळच्या व दूरच्या शेतकऱ्यास सारखा पडत नाही. आपल्या राज्यात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हाही राज्यभर एक भाव हे तिचे तत्त्व होते. परंतु शेजारच्या राज्यांत भाव चढला की सीमेवरील कापूस रातोरात पलीकडे जाई. साखर कारखान्यांत ऊसतोडणी व वाहतुकीचा खर्च सरासरीने कापण्याची जी पद्धत चालत आली आहे, तिच्यात कारखान्याजवळचा सभासद दूरच्या उसाचे भाडे अंशतः भरीत असतो. युरियाच्या गोणीत जो दुवा दूरच्याला मिळतो, तोच येथे जवळच्याच्या खिशातून जातो.

हिशेब कसा करावा

भावाचा फरक दिसला की धाव घेऊ नये. प्रथम हिशेब करावा. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, एका कंपनीच्या पशुखाद्याचे ५० किलोचे पोते गावी १५०० रुपयांस व जिल्ह्याच्या ठिकाणी १४६० रुपयांस मिळते. तीन पोती घेणारास वाचतात १२० रुपये; त्याच्या जाण्यायेण्यात व पोती आणण्यात त्याहून अधिक जातात. त्याने गावीच घ्यावे. आता दहा घरांनी मिळून ३० पोती घेतली तर फरकाचे १२०० रुपये झाले. शिवाय एकदम ३० पोत्यांचे रोख गिऱ्हाईक पाहून विक्रेत्याने पोत्यामागे १५ रुपये सोडले तर आणखी ४५० रुपये. एकूण १६५० रुपयांतून टेम्पोचे भाडे ९०० वजा जाता ७५० रुपये राहतात, म्हणजे पोत्यामागे २५ रुपये. तोच माल, तोच भाव, तोच रस्ता. फरक पडला तो एकोप्याने.

डिझेलाचे तसेच. समजा दूरच्या पंपावर लिटरमागे दीड रुपया कमी आहे. २०० लिटर घेतले तर ३०० रुपये वाचले. पण जाऊन-येऊन ४० किलोमीटर ट्रॅक्टर चालविला व लिटरास ५ किलोमीटर धरले, तर ८ लिटर जळाले; ९० रुपये भावाने ७२० रुपये झाले. हा व्यवहार तोट्याचा. तोच ट्रॅक्टर माल घेऊन त्या बाजूस जाणारच असेल तर मात्र तेथेच टाकी भरावी.

विक्रीत, समजा दूरच्या आवारात सोयाबीनला क्विंटलमागे १५० रुपये अधिक आहेत. १० क्विंटलांस १५०० रुपये मिळाले, पण जादा भाडे ११०० व एका दिवसाची मजुरी ४०० वजा जाता हाती शून्य राहिले. ३० क्विंटल असतील तर ४५०० मधून जादा भाडे १६०० व मजुरी ४०० जाऊन २५०० रुपये राहतात. हमाली, तोलाई व ओलीची कपात दोन्ही ठिकाणी किती, हे विचारल्यावाचून मात्र गाडी जुंपू नये.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

(१) भावातील फरक वाहतुकीचा, कराचा, दुकानखर्चाचा की स्पर्धेच्या अभावाचा, हे आधी ओळखावे. पहिल्या तिहींवर तक्रार करून उपयोग नाही. चौथ्यावर एकत्र खरेदी हाच उपाय.

(२) प्रत्येक खरेदीची पावती घ्यावी. रोखीचा व उधारीचा भाव दोन्ही विचारून व्याजाचा दर काढावा.

(३) छापील किमतीहून अधिक मागितल्यास पैसे देण्यापूर्वी पावतीत ती रक्कम लिहून मागावी. तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे, खत-बियाण्याची असल्यास तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अगर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे करावी. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

(४) पंपाचा त्या दिवसाचा भाव कंपन्यांच्या संकेतस्थळावर, व बाजार समित्यांतील आवक व भाव राज्य कृषि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. गाडी जोडण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.

(५) ज्या दुकानी आपले खाते थकलेले आहे तेथील भाव हा आपल्यापुरता बाजारभाव नव्हे, हे विसरू नये. पीक आल्यावर प्रथम ते खाते मोकळे करावे; पुढील हंगामात दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याचे स्वातंत्र्य त्यातूनच मिळते.

येत्या खरिपापूर्वी प्रत्येक गावच्या सभासदांनी एकत्र बसून आपणास लागणाऱ्या खत, बियाणे व पशुखाद्याची एक यादी करावी, तीन ठिकाणचे रोखीचे भाव लिहून आणावे व भाड्यासह तुलना करावी. हे काम एका कागदाचे व दोन सायंकाळींचे आहे. यादी हातात असली म्हणजे कोणता भाव खरा, कोणता ताणलेला व कोणता बेकायदेशीर, हे वेगळे सांगावे लागणार नाही.